साखळी निसटलेले दिवस

अस्मारा, १४ सप्टेंबर १९९५

प्रिय ताई,

नवीन वर्ष सुखाचं जावो. परवा सण झाला. गल्लीतल्या पोरांनी मशाली नाचवल्या, त्यांच्या जळक्या काटक्यांचा वास अजून अंगणात आहे.

एक गंमत सांगते. तुझी धाकटी बहीण आता सायकलवरून कामाला जाते! हसू नकोस. चौतिसाव्या वर्षी शिकले. किदानेने महिनाभर मागून कॅरिअर धरून मला पळवलं आणि दर संध्याकाळी, ‘लोकांच्या बायका दागिने मागतात, माझी तोल मागते,’ म्हणून धापा टाकत बसायचा. सायकल बाबांचीच, ती काळी, दांडीची. घंटी अजून तशीच वाजते.

सकाळी साडेसहाला निघते. पाऊस नुकताच सरलाय, त्यामुळे रस्त्यांना निलगिरीच्या ओल्या पानांचा वास येतो. बेकरीपाशी गरम पाव टोपलीत पडत असतात. तिथून पुढे उतार लागला की पायडल मारावंच लागत नाही. कधी कधी पूर्वेच्या कड्यावरून ढग चढून वर येतात आणि रस्त्यातच आडवे पडतात. त्यांच्यात शिरलं की पुढची सायकल दिसत नाही, नुसती घंटी ऐकू येते. कुणीतरी ‘सेलाम’ म्हणतं, आपणही म्हणायचं. कोण होतं ते कळत नाही. बाई होती की बुवा, तेही नाही. दवाखान्याचं फाटक येतं तेव्हा मी नुकतीच जागी होतेय असं वाटतं. मुलांना सुया टोचायच्या असतात, म्हणून मग नीट जागी होते.

गाडी किदानेकडे असते. तो शिकवतो ती शाळा दुपारची. सकाळी तो बाबांना घेऊन जरा फिरून येतो. एका घराला एक गाडी पुष्कळ झाली.

बाबा मजेत आहेत. खातात, पितात. तुझं नाव रोज घेतात. रोज म्हणजे अगदी रोज.

तुझी,
लेते


बोलोन्या, ९ ऑक्टोबर १९९५

लेते,

म्हणे गंमत! तुझं पत्र वाचून माझं डोकंच फिरलं.

माझ्या कानावर हे आधीच आलं होतं. आमच्या चर्चमधली सेनाइत ऑगस्टात तिकडे जाऊन आली. कॉफीच्या दुसऱ्या फेरीला, सगळ्याजणी बसलेल्या असताना, मला म्हणते, ‘अब्रेहेत, तुझी बहीण घामाघूम होऊन सायकल हाणत असते बाई, आणि तिचा नवरा खिडकीत कोपर टेकवून फियाटमधून गावभर हिंडतो.’ माझी तिसरी फेरी तशीच राहिली. फियाट कुणाची? बाबांची. बटणांच्या कारखान्यात चाळीस वर्षं घासून त्यांनी ती घेतली, ती काय जावईबापूंच्या कोपरासाठी? वर तू त्याचं कौतुक लिहितेस, मागून पळाला म्हणून! पळेल नाही तर काय करील, पुढे गाडी उभी होती ना त्याची.

तर ऐक. इथे एक लहानशी गाडी मी बघून ठेवली आहे. जुनी, पण मालकीण म्हातारी आणि दर रविवारी पुसणारी. जिनोआहून जहाजाने मसावा बंदरात येईल. तुझ्या नावावर. मग जावईबापूंनी खुशाल हिंडावं.

सायकल वाईट असते असं नाही गं. ती सायकल तर माझं अख्खं लहानपण आहे. बाबा कारखान्याला जाताना मला दांडीवर बसवून शाळेत सोडायचे. त्यांची हनुवटी माझ्या डोक्यावर. उतार आला की ब्रेक सोडायचे आणि म्हणायचे, ‘डोळे मीट, आता आपण उडतोय.’ खरंच उडायचो. मी इथे सांभाळते त्या म्हाताऱ्या सिन्योराच्या स्वयंपाकघरात भांडी पुसताना अजून कधी कधी डोळे मिटते. बावीस वर्षांत मी घरी आले नाही असं सगळे म्हणतात, पण मी दिवसातून दोनदा तरी येऊन जाते.

आणि पत्राखाली बाबांची ओळ का नाही? पूर्वी प्रत्येक पत्राखाली त्यांच्या हातचं असायचं, ‘ब्रेक तपास.’ जूनपासून एकदाही नाही. माझ्याकडे इथे सायकल नाही, तरी मला ती ओळ लागते.

गाडीचं लगेच कळव.

ताई


अस्मारा, १२ नोव्हेंबर १९९५

प्रिय ताई,

गाडी पाठवू नकोस. हात जोडते.

अंगणात लिंबाचं झाड आणि फियाट, एवढ्यानेच जागा संपते. आणि मला सायकल आवडायला लागली आहे. थंडी पडलीय. सकाळी हातमोजे घालते. परवा ढग इतका दाट होता की चौकातला खजूर नुसता वरचा झुपका घेऊन अधांतरी उभा होता, खाली बुंधाच नाही. एक म्हातारे गृहस्थ टोपी घालून माझ्या बाजूने सायकल चालवत होते. बराच वेळ आम्ही न बोलता बरोबर गेलो. मग ते एका गल्लीत वळले आणि जाताना म्हणाले, ‘सोबतीबद्दल आभारी आहे, बाई.’ दिवसभर मला ते वाक्य पुरलं.

किदानेबद्दल वाकडं बोलू नकोस. त्या सेनाइतबाईंना म्हणावं, कोपर दिसलं, बाजूच्या सीटवर कोण होतं ते दिसलं नाही का? याहून जास्त आत्ता लिहीत नाही.

दांडीचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. मला हेवा वाटला. माझ्या जन्मापासून तो वाटतोच आहे म्हणा. मला बाबांनी कधी उडवलं नाही. पहिल्या एकदोन दिवसांनंतर माझ्या वेळी साखळीच निसटायची. रोज. घरातून निघतानाच ते खाली वाकून बघायचे आणि म्हणायचे, ‘निसटली बघ. चल, चालत जाऊ.’ मग एका हाताने सायकल ढकलत ते आणि त्यांच्या बाजूने मी. पाऊण तास. त्यांना कारखान्यात उशीर व्हायचा आणि फाटकावर मुकादम ओरडायचा, ते मला शाळेच्या कोपऱ्यावरून ऐकू यायचं. मला वाटायचं, दांडीवर ताई असती तर साखळी नीट राहिली असती. तुझ्यासाठी उडणारी सायकल माझ्यासाठी नेमकी म्हातारी झाली.

जाऊ दे. सहा वर्षांच्या पोरीचा रुसवा आहे, तो कुठेतरी अडकून राहिलाय.

बाबांची ओळ याही वेळी राहिली. हात थरथरतो त्यांचा. पुढच्या वेळी नक्की. तिखटाची पिशवी पाठवतेय, तू मागच्या वेळी मिळमिळीत म्हणाली होतीस, म्हणून या वेळी माझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत कुटलं.

तुझी,
लेते


बोलोन्या, २३ जानेवारी १९९६

लेतेब्रहान,

या पत्राला खरं उत्तर दे. बाकी काही लिहू नकोस.

रविवारी उजाडायच्या आधी माझ्या दाराची घंटी वाजली. उघडलं तर चौघीजणी, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या शाली. मागे दोन पुरुष, तेही पांढऱ्यात. कुणी काही बोलेना. बोलणार काय, चार जिने चढून सगळ्यांना धाप लागलेली. पण ते माझ्या डोक्यात कुठे शिरतंय? आपल्यात माणूस गेल्याचं कुणी पत्राने कळवत नाही आणि फोनवर तर नाहीच. ओळखीचे लोक घोळक्याने येतात, असेच, पहाटे, दारात. या शहरात मी स्वतः अशी किती दारं ठोठावली आहेत. मी तिथेच उंबऱ्यात बसले आणि हंबरडा फोडला. ‘बाबा! माझे बाबा!’ तोंडावर नखं ओढली. खालच्या मजल्यावरचे इटालियन लोक अंगावर कोट टाकून वर आले.

सेनाइत माझे हात धरून ओरडत होती, ‘अगं वेडे, तिमकेत आहे! पाण्याचा सण! चर्चची बस खाली उभी आहे!’

मी सण विसरले होते. मग सगळ्या हसल्या. सेनाइत तर भिंतीला धरून हसली. माझा जीव मात्र भांड्यात पडला नाही. मी बसमध्ये बसले आणि सगळा रस्ता विचार करत राहिले की माझ्या मनाला हे इतकं पटकन खरं का वाटलं.

जूनपासून बाबांची ओळ नाही. ‘मजेत आहेत. खातात, पितात.’ मीसुद्धा लोकांना असंच सांगायचे, तिकडे वारलेल्या त्यांच्या माणसांबद्दल, पहाटेची माणसं गोळा होईपर्यंत. सोमवारी मी कोपऱ्यावरच्या दुकानात फोन केला आणि बाबांना बोलावून आण म्हटलं. दुकानदार म्हणतो, ‘ते गाडीतून फिरायला गेलेत.’ ऐंशी वर्षांचा माणूस, सकाळी सातला, जानेवारीच्या थंडीत, गाडीतून फिरायला! मला काय लहान मूल समजलात?

बाबा कधी गेले ते सांग. मी काळे कपडे काढून ठेवले आहेत. मला फक्त तारीख हवी आहे.

अब्रेहेत


अस्मारा, ६ फेब्रुवारी १९९६

ताई, माझ्या ताई,

बाबा जिवंत आहेत. काळे कपडे आत ठेव. आईची शपथ घेऊन सांगते, आत्ता हे लिहितेय तेव्हा ते लिंबाखाली उन्हात बसून पावाचा मऊ भाग चिमणीला घालताहेत आणि कडा स्वतः खाताहेत.

पण तुझ्या मनाला कळलं ते अगदीच खोटं नव्हतं. मी लपवत होते. आता सगळं सांगते.

बाबांची आठवण गेली आहे. एकदम नाही, दोन वर्षांत थोडी थोडी. ते वीस वर्षांपूर्वी निवृत्त झाले हे त्यांना आठवत नाही. रोज सकाळी उठतात, टोपी घालतात आणि कारखान्याला निघतात. गेल्या जूनमध्ये आम्ही झोपेत असताना सायकल घेऊन गेले. कारखान्याचं वळण चुकलं. शहर संपलं तिथून रस्ता खाली समुद्राकडे उतरतो ना, त्या उतारावर ते सुटले. किदाने गाडी घेऊन सगळीकडे शोधत फिरला आणि दहा वाजता त्याला ते सापडले, तिसऱ्या वळणावर, कड्याच्या कठड्याला सायकल टेकवून, पायाखाली नुसता ढग. त्याला म्हणाले, ‘ब्रेक तपासले होते, म्हणून वाचलो बघ.’ किदाने माझ्यासमोर कधी रडला नव्हता.

सायकल विकून टाकावी, तर संध्याकाळी ती लिंबाला टेकलेली दिसली नाही की ते जेवत नाहीत, घरभर शोधत राहतात. आणि सकाळी दिसली की निघतात. म्हणजे ती संध्याकाळी अंगणात हवी आणि सकाळी घराबाहेर. रोज सकाळी ती कुणीतरी न्यायला हवी. म्हणून मी शिकले, ताई. मी निघाले की किदाने गाडी काढतो आणि म्हणतो, ‘चला बाबा, आज गाडीने सोडतो.’ तेच ते कोपर. कारखान्याच्या फाटकावर उस्मान अजून पहारेकरी आहे, आता आत नुसतं गोदाम आहे तरी. तो मुसलमान, पण आपल्या संतांचे दिवस त्याला पाठ आहेत. रोज गाडीच्या खिडकीशी वाकून सांगतो, ‘बाबा, आज मिकाएलचा दिवस, सुट्टी.’ ‘आज मरियमचा दिवस, सुट्टी.’ आपल्याकडे रोजच कुणा ना कुणाचा दिवस असतो, त्यामुळे तो खोटंही बोलत नाही. बाबा समाधानाने परत येतात. हे रोज. एकही सकाळ न चुकता. तुझे जावईबापू.

तुझी गाडी आली तर मी गाडीने जाईन, आणि सायकल अंगणात राहील. कळलं ना आता?

अजून एक राहिलं, आणि ते लिहिताना मला लाज वाटते. पहिल्या दिवशी मी सायकल फाटकाबाहेर काढली आणि मागून हाक आली, ‘अब्रेहेत! ब्रेक तपास!’ त्या दिवसापासून मी अब्रेहेत आहे. त्याआधी मी अधूनमधून तरी लेते असायचे. आता नाहीच. लेतेब्रहान कुठे गेली असं ते विचारतही नाहीत. तुझी ओळ घ्यायला मी त्यांच्या हातात पेन दिलं होतं, एकदा नाही, चारदा. ‘कुणाला लिहू?’ ‘अब्रेहेतला.’ हसतात. ‘अगं, तू समोर तर बसली आहेस.’

मी त्यांना अंघोळ घालते, दाढी करते, आणि ते मला तुझ्या नावाने आशीर्वाद देतात. मला तुझा राग येतो. तुझा काही दोष नाही हे माहीत असून येतो. ते जायच्या आधी एकदा, एकदाच, मला त्यांच्याकडून माझं नाव हवंय. दुसरं काही मागणं नाही.

तुझी,
लेतेब्रहान


बोलोन्या, ३ मार्च १९९६

लेते,

पत्र हातात घेऊन मी आधी नाचले आणि मग रडले. दोन्ही वेळा खालचे इटालियन वर आले. आता ते माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात.

मी येतेय. ईस्टरच्या आठवड्यात, तिकीट काढलं आहे. तूही खरं सांगितलंस, म्हणून मीही सांगते. सिन्योरा नाताळातच गेली. मी तुला कळवलं नाही, कारण मग घरी न येण्याला कारणच उरलं नसतं. बारा वर्षं मी दुसऱ्याच्या आईला भरवत होते आणि बाबांना तू. मला तोंड दाखवायची भीती वाटत होती. त्यापेक्षा भांडी पुसताना डोळे मिटून येणं सोपं होतं.

ते मला ओळखतील का गं? केस कापले आहेत, जाड झाले आहे, चष्मा लागला आहे. पण हनुवटीखाली माझं डोकं अजून मावेल असं वाटतं.

किदानेच्या बुटांचं माप कळव. चांगले चामड्याचे आणतेय. सेनाइतला मी सगळ्यांसमोर सांगितलं, पुढच्या वेळी कोपराच्या पलीकडेही बघत जा.

ताई


बोलोन्या, २ जून १९९६

लेते,

पोचले त्याला महिना झाला. हे पत्र मी चारदा फाडलं.

त्यांनी मला ओळखलं नाही, ते तू पाहिलंस. तीन आठवडे मी ‘पाहुण्या’ होते. ‘पाहुण्यांना कॉफी द्या.’ ‘पाहुण्यांना उन्हात बसवू नका.’ तुझ्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, ‘ही माझी थोरली, अब्रेहेत.’ तू तशीच उठून आत गेलीस आणि नळ सोडून रडलीस. मला ऐकू आलं. मी बाहेर माझ्याच नावाशेजारी कॉफीचा कप धरून बसले होते. कुणाचं दुःख मोठं ते मला ठरवता आलं नाही, अजूनही येत नाही.

पण एक गोष्ट तू पाहिली नाहीस. शेवटच्या सकाळची.

तू सायकल घेऊन गेलीस. मी मागच्या सीटवर बसले, जशी रोज बसायचे. त्या दिवशी ढग खूप खाली होता. किदाने त्याच्या नव्या बुटांत असा चालवत होता जणू रस्ता झोपलाय आणि त्याला उठवायचं नाही. फाटकाशी पोचलो. उस्मान आला, कुठल्याशा संताचं नाव सांगितलं, आणि किदाने त्याच्याबरोबर दोन शब्द बोलायला उतरला. गाडीत आम्ही दोघं. काचांच्या बाहेर काहीच नव्हतं, फाटकही दिसत नव्हतं. बाबा मागे वळले.

‘तुम्ही कुठल्या म्हणालात?’

‘बोलोन्याहून आले.’

‘लांब आहे?’

‘खूप.’

‘माझी धाकटी तिकडेच आहे,’ ते म्हणाले. ‘लेतेब्रहान. फार दिवस झाले तिला जाऊन.’

लेते, त्यांच्या डोक्यात तू हरवलेली नाहीस. तू लांब आहेस. माझ्या जागी तू गेली आहेस आणि ते तुझी वाट बघताहेत. मी विचारलं, ‘तिला काही निरोप द्यायचाय? माझी भेट होते तिची.’

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं विसरले. मग म्हणाले, ‘तिला सांगा, साखळी कधी निसटलीच नव्हती.’

‘म्हणजे?’

‘पोरगी दांडीवर बसली की माझं मनगट गच्च धरायची. उतार आला की पानासारखी थरथरायची. पण भीती वाटते म्हणायची नाही. थोरली उडायची ना, ते ऐकून होती. हिला कसं म्हणवेल! मग मी घरातून निघतानाच खाली वाकायचो आणि म्हणायचो, निसटली बघ. चल, चालत जाऊ.’

मी म्हटलं, ‘तुम्हाला उशीर होत असेल.’

‘व्हायचाच की. मुकादम ओरडायचा. ओरडेना का! थोरलीबरोबर पाच मिनिटांत शाळा यायची, बाई. धाकटीबरोबर पाऊण तास मिळायचा. काय काय बोलायची! मुंगीला किती पाय, ढग कुठे झोपतो, मी म्हातारा झालो की मला कोण ढकलणार. मी म्हणायचो, तूच.’ आणि हसले. ‘हा निरोप तिला नक्की द्या. उगाच सायकलीला दोष देत असेल.’

मी पर्समधून एक कागद काढला आणि म्हटलं, लिहून द्या, म्हणजे तिला पटेल. पेन धरायला त्यांना वेळ लागला. त्यांनी एकच शब्द लिहिला. ‘पत्ता तुम्हाला ठाऊक असेल,’ म्हणाले. तेवढ्यात किदाने परत आला आणि बाबांनी त्याला सांगितलं, ‘आज सुट्टी आहे, चल घरी.’

विमानतळावर तुला सांगणार होते, पण मला जमलं नाही. माझ्यातही रुसवा होता, अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईचा. दांडीवरची ती पाच मिनिटं मी बावीस वर्षं पुरवून पुरवून खाल्ली आणि मला वाटत होतं, सगळ्यात मोठा वाटा माझाच. आता गेला तो रुसवा. आणि त्यांनी निरोप दिला तो लांब राहणाऱ्या मुलीसाठी, तर तो लांबूनच यायला हवा, म्हणून पत्राने पाठवतेय.

सोबत कागद आहे. अक्षर वाकडं आहे, पण नाव तुझंच आहे.

ताई


अस्मारा, २१ जून १९९६

ताई,

कागद मिळाला. तो दवाखान्याच्या झग्याच्या खिशात घालून ठेवलाय, धुवायला टाकताना रोज काढावा लागतो.

आज सकाळी बाबा फाटकाशी आले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, ‘अब्रेहेत, ब्रेक तपास.’ मी हो म्हटलं. मला वाईट वाटलं नाही. मी वळणावर गेले, खाली उतरले आणि सायकल हातात धरून चालायला लागले. ढग होता. बेकरीपाशी पाव टोपलीत पडत होते. मी सगळा रस्ता मोठ्याने बोलत गेले, मुंगी, ढग, सगळं. बाजूने गेलेल्या सायकलवाल्यांनी सेलाम केला, मीही केला.

कामावर पोचायला पाऊण तास उशीर झाला. मोठ्या बाईंनी कारण विचारलं.

साखळी निसटली, म्हटलं.

लेतेब्रहान